मंडळीला प्रार्थनेची आणि देवाच्या सान्निध्याची गरज का आहे?

एका मंडळीच्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती चर्चच्या, वडीलजनांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्याकडे रविवारची उपासना व्यवस्थित होते, गायन चांगले आहे, उपदेश वचनाला धरून असतो, संडेस्कूल आणि तरुणसंघ चालू आहेत, दानही पुरेसे जमते, मात्र प्रार्थनासभेला मोजकीच माणसे येतात, आणि तीही बहुधा वयस्कर. देव सर्वत्र आहे असे आपण मानतो, मग त्याच्या सान्निध्यासाठी वेगळी प्रार्थना करण्याचा अर्थ काय? आणि बाकी सर्व ठीक चालले असेल, तर एवढ्या एका सभेची काळजी करावी का? करावी, तर सुरुवात कोठून करावी?

माझे स्पष्ट मत असे की काळजी करावी, आणि ती उपस्थितीच्या आकड्यासाठी करू नये. मंडळीचे जवळजवळ प्रत्येक काम माणसाच्या कौशल्यावर बराच काळ चालू शकते. चांगला गळा असलेली माणसे गायन सांभाळतात, अभ्यासू पाळक उपदेश सांभाळतो, हिशेबात चोख असलेला खजिनदार पैसा सांभाळतो, आणि या सर्वांत देवावर खरोखर किती विसंबलेले आहे हे बाहेरून कळत नाही, पुष्कळदा आतूनही कळत नाही. सामुदायिक प्रार्थनेत मात्र झाकायला काही उरत नाही. तेथे कार्यक्रम नसतो, पाहण्यासारखे काही नसते, आणि ज्याच्याशी बोलायचे तो ऐकत नसेल तर त्या तासाला काही अर्थच राहत नाही. म्हणून मंडळी देवावाचून चालू लागली असेल, तर ते सर्वांत आधी प्रार्थनासभेत दिसते. पाळकीय सेवेत बरीच वर्षे घालवल्यावर मंडळीच्या आरोग्याचे याहून विश्वसनीय लक्षण मला दुसरे सापडलेले नाही.

आता देव सर्वत्र आहे या मुद्द्याकडे वळू. हे सत्य आहे आणि त्याला बाध येता कामा नये. १३९वे स्तोत्र सांगते की आकाशात चढलो किंवा अधोलोकात अंथरूण केले तरी तेथे देव आहे, आणि यिर्मयाच्या २३व्या अध्यायात परमेश्वर स्वतः विचारतो की आकाश व पृथ्वी मी व्यापून टाकत नाही काय. परंतु हेच पवित्र शास्त्र देवाच्या सान्निध्याविषयी आणखी एका अर्थाने बोलते, आणि ते दोन्ही अर्थ कधी कधी एकाच ठिकाणी शेजारी शेजारी येतात. १ राजे ८मध्ये मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोन कबूल करतो की आकाश व नभोमंडळ ज्याला पुरत नाही, त्याला मी बांधलेले हे घर कसे पुरेल. आणि त्याच अध्यायात परमेश्वराच्या तेजाने मंदिर इतके भरून जाते की याजकांना सेवेला उभे राहता येत नाही. देव त्याआधी तेथे नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. तरीही त्या घडीला काहीतरी घडले: तो आपल्या लोकांमध्ये कृपेने, त्यांचा देव म्हणून, त्यांना जाणवेल अशा रीतीने राहायला आला. ख्रिस्तामध्ये हे सान्निध्य देहधारी झाले, आणि पवित्र आत्म्याच्या दानाने ते मंडळीला मिळाले. पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘तुम्ही देवाचे मंदिर आहात’ असे म्हणतो, तेव्हा तो एकेकट्या विश्वासणाऱ्याशी बोलत नसून भांडणाऱ्या, गटांत विभागलेल्या एका सबंध मंडळीशी बोलत आहे.

या दानाचा अर्थ असा नाही की मंडळी काहीही करो, सहभागिता अबाधितच राहील. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातील लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेले पत्र वाचावे. ‘पाहा, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे’ हे वचन आपण सुवार्तासभांत अविश्वासणाऱ्यांसाठी वापरतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ते मुळात लिहिले आहे एका मंडळीला, जी स्वतःला श्रीमंत समजत होती आणि आपल्याला कशाचीही उणीव नाही असे म्हणत होती. समयांमधून, म्हणजे मंडळ्यांमधून, चालणारा प्रभू त्या मंडळीला आपली म्हणतो, तिला ताडन करतो, तिच्यावर प्रेमही करतो, आणि तरी तिच्या भोजनाच्या मेजावर तो नाही. प्रश्न विचारणाऱ्या वडीलजनांनी आपल्या मंडळीचे जे वर्णन केले आहे, त्यात दोष देण्यासारखे काही नाही. फक्त ‘कशाची उणीव नाही’ या वाक्याशी त्याचे असलेले साम्य मला अस्वस्थ करते.

या विषयावर एकच अध्याय वाचायला सांगायचा झाला, तर मी निर्गम ३३ सांगेन. सोन्याच्या वासराच्या पापानंतर परमेश्वर मोशेला सांगतो की लोकांना घेऊन वचनदत्त देशाकडे जा. तो देश देणार आहे. पुढे दूत पाठवणार आहे. शत्रूंना घालवून देणार आहे. दुधामधाचे प्रवाह वाहणारी भूमी मिळणार आहे. फक्त एक गोष्ट होणार नाही: लोक ताठ मानेचे असल्यामुळे तो स्वतः त्यांच्यामध्ये असून चालणार नाही. विचार करा, आज एखाद्या मंडळीसमोर हाच प्रस्ताव आला, इमारत मिळेल, सभासद वाढतील, विरोधक गप्प बसतील, निधी कमी पडणार नाही, केवळ प्रभू स्वतः तुमच्यामध्ये नसेल, तर किती मंडळ्यांना त्यात काही बिघडल्याचे जाणवेल? इस्राएल लोकांचे पुष्कळ दोष शास्त्र लपवत नाही, पण या ठिकाणी ते आपल्यापेक्षा शहाणे ठरले. ही वार्ता ऐकून त्यांनी शोक केला आणि अंगावर दागिने घातले नाहीत.

मोशेने पुढे जे केले त्यात मंडळीच्या प्रार्थनेचा गाभा आहे. त्याने छावणीबाहेर, छावणीपासून दूर, तंबू उभारला आणि परमेश्वराला शोधू इच्छिणारा प्रत्येक जण तेथे जाऊ लागला. आणि मग त्याने देवाने दिलेला प्रस्ताव नम्रपणे पण ठामपणे नाकारला: तू स्वतः येणार नसशील तर आम्हाला येथून पुढे नेऊच नकोस. त्याचे कारणही त्याने सांगितले. पृथ्वीवरील इतर सर्व लोकांपासून आम्ही वेगळे आहोत हे तू आमच्याबरोबर चालण्यावाचून आणखी कशावरून कळणार? मंडळीजवळ असलेल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे संघटन, संगीत, शिक्षण, सेवाकार्य, इतर संस्थांजवळही असतात आणि कित्येकदा अधिक चांगल्या असतात. मंडळीला मंडळी करणारी गोष्ट एकच आहे, आणि ती तिला स्वतः निर्माण करता येत नाही. ती फक्त मागता येते. प्रार्थनेची गरज येथून सुरू होते. आपल्या अडचणी सुटाव्यात म्हणून प्रार्थना करणे योग्यच आहे, पण त्याआधी मंडळी प्रार्थना करते ती देवावाचून पुढे जाण्यास आपण तयार नाही हे त्याला सांगण्यासाठी.

सान्निध्य गमावले जाते तेव्हा ते कळते का? शास्त्राचे उत्तर फार गंभीर आहे: बहुधा कळत नाही. शास्ते १६मध्ये शमशोन झोपेतून उठून नेहमीसारखाच बाहेर पडायला निघाला, कारण परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे हे त्याला ठाऊक नव्हते. यहेज्केलाचे ८ ते ११ हे अध्याय याहून अधिक तपशील देतात. बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्या संदेष्ट्याला दृष्टान्तात यरुशलेमेचे मंदिर दाखवले जाते. तेथे इस्राएलाच्या वडीलजनांपैकी सत्तर जण हातात धुपाटणी घेऊन उभे आहेत, धुपाचा ढग वर चढत आहे, पण भिंतींवर मूर्ती कोरलेल्या आहेत आणि त्यांच्या मनात विचार आहे की परमेश्वर आम्हाला पाहत नाही. मग परमेश्वराचे तेज निघते, पण एकदम निघत नाही. आधी ते करूबांवरून, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांवरून, उठून मंदिराच्या उंबरठ्यावर येते. तेथून पूर्वेच्या दारापाशी थांबते. आणि शेवटी नगराच्या पूर्वेकडील डोंगरावर जाऊन उभे राहते. मला या वर्णनात देवाची नाखुषी दिसते. जणू प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी हाक मारील म्हणून तो थांबतो, आणि कोणी हाक मारत नाही. हा दृष्टान्त इ. स. पू. ५९२च्या सुमाराचा आहे, आणि मंदिर पडले ते इ. स. पू. ५८६च्या सुमारास. म्हणजे तेज निघून गेल्यावरही काही वर्षे इमारत उभी होती. ‘सर्व ठीक चालले आहे’ या वाक्यावर म्हणूनच मी सहसा विसंबत नाही.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. आपण प्रार्थना केली म्हणून देव येतो आणि नाही केली तर येत नाही, असे म्हटले तर त्याचे सान्निध्य आपल्या परिश्रमांची कमाई ठरत नाही काय? याचे उत्तर मला लेवीय पुस्तकातील वेदीच्या अग्नीत मिळते. लेवीय ९च्या शेवटी वेदीवरील अग्नी परमेश्वरासमोरून निघून येतो. तो कोणा याजकाने पेटवलेला नाही. परंतु ६व्या अध्यायात आज्ञा आहे की वेदीवरील अग्नी सतत जळत राहावा, तो विझू देऊ नये, आणि याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडे रचावीत. अग्नी देणे देवाचे काम, लाकडे रचणे याजकांचे. लाकडांनी अग्नी उत्पन्न होत नाही. पण लाकडे रचायचे सोडले तर स्वर्गातून आलेला अग्नीही वेदीवर टिकत नाही. प्रार्थना ही मंडळीची रोजची लाकडे आहेत. पवित्र आत्मा दिलेला आहे, तो आपण कमावलेला नाही. आणि तरीही थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल निरंतर प्रार्थना करण्याची आज्ञा दिल्यावर लगेच दोनच वचनांनंतर सांगतो की आत्म्याला विझवू नका.

त्याच लेवीय पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात लगेच इशाराही आहे. अहरोनाचे पुत्र नादाब व अबीहू यांनी आपापली धुपाटणी घेऊन परमेश्वराने सांगितला नव्हता असा अग्नी त्याच्यासमोर नेला आणि ते मेले. हा इशारा मी येथे मुद्दाम देत आहे, कारण प्रार्थनासभा ओस पडलेल्या मंडळीला सर्वांत मोठा मोह होतो तो वातावरण तयार करण्याचा. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवणे, एकच ओळ लोक भारावून जाईपर्यंत गात राहणे, दिवे मंद करणे, प्रार्थना करणाऱ्याने स्वर चढवत नेणे, आणि मग जे जाणवले त्याला देवाचे सान्निध्य म्हणणे, हे सोपे आहे. मी भावनेच्या विरुद्ध नाही. देव जवळ आला की माणसे रडतात, आनंदाने गातात, कधी भीतीने गप्प होतात. परंतु भावना हे त्या भेटीचे फळ असते. तिच्यावरून भेट घडवून आणता येत नाही. ज्या सभेनंतर माणसे केवळ भारावलेली असतात आणि घरी जाऊन त्यांचे बोलणे, व्यवहार व वैर जसेच्या तसे राहते, तिच्याविषयी सावधपणे बोलावे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात प्रार्थना करणारी मंडळी प्रत्यक्ष दिसते. प्रभूने पवित्र आत्म्याचे अभिवचन दिले होते, तरी माडीवरच्या खोलीत सुमारे एकशेवीस जण एकचित्ताने प्रार्थना करत राहिले. अभिवचनामुळे त्यांची प्रार्थना थांबली नाही, तिला आधार मिळाला. चौथ्या अध्यायात पेत्र व योहान धमक्या ऐकून परत येतात, तेव्हा मंडळी दुसऱ्या स्तोत्राचे शब्द घेऊन प्रार्थना करते. त्या प्रार्थनेत विशेष काय आहे ते पाहा: धमक्या थांबाव्यात असे ती मागत नाही, धमक्यांकडे प्रभूने पाहावे, आपल्याला वचन धैर्याने बोलता यावे, आणि त्याने आपला हात लांब करून लोकांना बरे करावे व चिन्हे-अद्भुते घडवावीत, असे मागते. ज्या जागी ते जमले होते ती जागा हादरली आणि ते सर्व पवित्र आत्म्याने परिपूर्ण झाले. यांतील पुष्कळ जण पन्नासाव्या दिवशीही, म्हणजे पवित्र आत्मा पहिल्यांदा मंडळीवर उतरला तेव्हाही, परिपूर्ण झाले होते. एकदा मिळाले म्हणून पुन्हा मागण्याची गरज नाही, असे त्या मंडळीला वाटले नाही.

सहावा अध्याय तर कार्यमग्न मंडळ्यांनी वारंवार वाचावा. विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात अन्याय होत होता. काम निकडीचे होते, प्रेमाचे होते, आणि प्रेषितांनी ते टाळले नाही, योग्य माणसे नेमून ते नीट करवले. परंतु स्वतः मात्र प्रार्थना आणि वचनाची सेवा यांतून बाजूला झाले नाहीत. प्रार्थनेला ढकलून देणारी कामे बहुतेक वेळा वाईट नसतात, चांगलीच असतात. आणि बाराव्या अध्यायाचा उल्लेख मी दुबळ्या विश्वासाच्या लोकांसाठी करतो. पेत्र तुरुंगात असताना मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत होती, आणि तो सुटून दारात येऊन उभा राहिला तेव्हा निरोप आणणाऱ्या मुलीला त्यांनी वेडी ठरवले. एवढ्या अपुऱ्या विश्वासाची प्रार्थनाही देवाने ऐकली. मात्र त्याच अध्यायाच्या आरंभी याकोब तलवारीने मारला गेला आहे. प्रार्थना करणाऱ्या मंडळीच्या हाती देवाचा हात पिरगळण्याचे साधन येत नाही; तिला मिळते ती त्याची संगत, सुटकेतही आणि मरणातही.

इतिहासातील एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते पुष्कळदा अर्धेच सांगितले जाते. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील हेर्नहूट येथे झिन्झेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर १७२२पासून मोराव्हियाहून आलेले निर्वासित आणि इतर पंथांचे लोक वसले. पाच वर्षांत त्यांच्यात तीव्र मतभेद आणि भांडणे झाली. १७२७च्या मे महिन्यात त्यांनी एकत्र राहण्याच्या अटी मान्य केल्या, उन्हाळाभर ते एकमेकांच्या घरी जाऊन समेट करत आणि प्रार्थना करत राहिले, आणि १३ ऑगस्ट रोजी प्रभुभोजनाच्या वेळी पवित्र आत्म्याने त्यांना असे एक केले की ते लोक तो दिवस पुढे कधी विसरले नाहीत. त्यानंतर त्याच महिन्याच्या २७ तारखेला चोवीस पुरुष व चोवीस स्त्रियांनी दिवसाचे चोवीस तास वाटून घेतले आणि अखंड मध्यस्थीची प्रार्थना सुरू केली. ती शंभराहून अधिक वर्षे चालली. १७३२मध्ये याच छोट्या वसाहतीतून पहिले दोन मिशनरी कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटाकडे निघाले. लोक शंभर वर्षांच्या प्रार्थनेचे कौतुक करतात, आणि ती साखळी आपल्याकडे आणू पाहतात. पण क्रम लक्षात घ्यावा: आधी समेट, मग प्रभूच्या मेजावर भेट, आणि त्या भेटीतून अखंड प्रार्थना. केवळ तासांचे वेळापत्रक भिंतीवर लावले तर काही आठवड्यांत त्यातील रकाने रिकामे होतात.

संख्येविषयी चिंता करणाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील फुल्टन रस्त्यावरील सभा आठवावी. जेरेमाया लॅन्फियर या एका साध्या मंडळीसेवकाने २३ सप्टेंबर १८५७ रोजी दुपारी एक तासाची प्रार्थनासभा ठेवली. पहिला अर्धा तास तो एकटाच होता; तास संपेपर्यंत सहा जण झाले. काही आठवड्यांत सभा रोजची झाली आणि पुढच्या वर्षी अनेक शहरांत अशाच सभांतून मोठी जागृती पसरली. केडगावच्या मुक्ती सदनातही १९०५च्या आरंभी पंडिता रमाबाईंनी रोज एकत्र येऊन संजीवनासाठी, म्हणजे आत्मिक जागृतीसाठी, प्रार्थना करणाऱ्यांचा गट उभा केला, आणि जूनच्या अखेरीस तेथे ते संजीवन आले. प्रत्येक प्रार्थनागटातून असे व्हावे असा नियम नाही. परंतु मंडळीच्या इतिहासात जागृती आली त्याआधी कोठेतरी थोडकी माणसे चिकाटीने प्रार्थना करत होती, हे पुन्हा पुन्हा आढळते.

आता तुमच्या प्रार्थनासभेकडे येऊ. ती का सुकली असेल याची कारणे मला अनेक मंडळ्यांत सारखीच दिसली आहेत. सभा एक तासाची असते. त्यातील पंधरा मिनिटे गायनात, पंचवीस मिनिटे संदेशात, आणखी दहा मिनिटे विनंत्या सांगण्यात जातात, आणि त्या सांगताना आजाऱ्याची सबंध हकीकत सांगितली जाते. प्रार्थनेला जो वेळ उरतो त्यात दोन-तीन ठरलेली माणसे लांब प्रार्थना करतात, ज्यांतील बराच भाग देवाला माहिती देण्यात किंवा उपस्थितांना उपदेश करण्यात खर्च होतो. नवखा माणूस हे ऐकून समजतो की आपल्याला असे बोलता येणार नाही, आणि पुढच्या वेळी येत नाही. तरुण येत नाहीत याचे कारण त्यांना प्रार्थना नको असे नसते; प्रार्थनासभेत प्रार्थनाच फार थोडी होते, हे पुष्कळदा खरे कारण असते.

म्हणून तासाचा बहुतांश वेळ प्रार्थनेलाच द्या. एखादे स्तोत्र किंवा शास्त्रातील एखादी प्रार्थना हळू वाचा, आणि तिच्याच शब्दांनी देवाची स्तुती करा. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायातील मंडळीने तेच केले होते, आणि ज्याला शब्द सुचत नाहीत त्यालाही वचनाचे शब्द उसने घेता येतात. त्यानंतर काही मिनिटे शांत राहा. सुरुवातीला ही शांतता अवघड वाटेल, कोणीतरी गीत सुरू करू पाहील. करू देऊ नका. पापकबुलीला जागा ठेवा, पण दुसऱ्याच्या पापाची कबुली कोणी देणार नाही याकडे लक्ष असू द्या, आणि जे खासगीत सांगायचे ते खासगीतच सांगितले जावे. विनंत्या एका वाक्यात सांगाव्यात आणि लगेच प्रार्थनेत घ्याव्यात. प्रार्थना लहान असावी. फुल्टन रस्त्यावरील सभेत पाच मिनिटांहून अधिक कोणी बोलू नये आणि वादाचे विषय काढू नयेत असा नियमच होता, आणि तो नियम आजही तितकाच उपयोगी आहे. केवळ आजार, नोकरी आणि परीक्षा यांपुरतेच मागू नका. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीच्या आधी त्याचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा येते, तो क्रम तुमच्याही सभेत दिसावा. आणि मागितलेले मिळाले की पुढच्या सभेत त्यासाठी उपकार माना, कारण उत्तरांची आठवण न ठेवणारी मंडळी लवकरच मागायचेही सोडते.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाळक व वडीलजन स्वतः तेथे असले पाहिजेत. मंडळीतील लोक पुढाऱ्यांचे आवाहन ऐकत नाहीत, त्यांचे प्राधान्य पाहतात. कमिटीच्या बैठकीला न चुकता येणारे वडीलजन प्रार्थनासभेला येत नसतील, तर खरे निर्णय कोठे होतात असे त्यांना वाटते, ते मंडळीला आपोआप कळते. बैठकीचा आरंभ आणि शेवट औपचारिक प्रार्थनेने करणे पुरेसे नाही. एखादा अवघड विषय आला की चर्चा थांबवून खरोखर प्रार्थना करा. आणि त्यानंतर निर्णय पुढे ढकलावा लागला, तर तोही ढकलण्याची तयारी ठेवा. अंत्युखियाच्या मंडळीतील पुढारी प्रभूची सेवा व उपास करत असतानाच पवित्र आत्म्याने बर्णबा व शौल यांना वेगळे करण्यास सांगितले. ज्या बैठकीत ऐकण्यासाठी वेळच ठेवलेला नाही, तिच्यात असे काही ऐकू येण्याची शक्यता कमी असते.

प्रार्थना वाढवूनही काही मंडळ्यांत काहीच बदलत नाही, आणि तेव्हा अडथळा दुसरीकडे शोधावा लागतो. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले की वेदीपाशी अर्पण आणताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट कर. दोन कुटुंबे वर्षानुवर्षे एकाच छताखाली उपासना करून एकमेकांशी बोलत नसतील, मालमत्तेचे वाद न्यायालयात चालले असतील, हिशेब लपवले जात असतील, तर उपास-प्रार्थनेची घोषणा करण्याआधी तेथे हात घालावा. यशयाच्या ५८व्या अध्यायातील लोक रोज देवाला शोधत होते, त्याच्याजवळ येण्याची त्यांना आवडही होती, आणि तरी त्यांनी तक्रार केली की आम्ही उपास करतो आणि तू पाहत का नाहीस. उत्तर असे मिळाले की तुम्ही उपासाच्या दिवशी आपल्या मजुरांना राबवता, भांडता आणि मारामारी करता. पेत्र तर पतींना सांगतो की पत्नींशी समंजसपणे व मानाने वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना व्यत्यय येईल. म्हणजे मंडळीच्या प्रार्थनेची एक बाजू घराघरांतील वागणुकीत आहे, आणि ती प्रार्थनासभेत कितीही चांगले शब्द बोलून भरून काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण प्रामाणिक माणसे येथे खचतात. समेट झालेला असतो, पश्चात्ताप खरा असतो, प्रार्थना नियमित असते, आणि तरीही देव जवळ असल्याचे जाणवत नाही. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थनाच आहे. देवाने ते आपल्या लोकांच्या स्तोत्रसंहितेत ठेवले आहे. सान्निध्याची जाणीव आणि सान्निध्य एकच नाही. युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे, हे प्रभूचे अभिवचन आपल्या जाणिवेवर अवलंबून नाही. कसे मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो, असे पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो. अशा काळात मंडळीने नवीन उपाय शोधत फिरू नये. वचन, प्रार्थना आणि प्रभुभोजन यांना चिकटून राहावे. दुःखात असलेल्या सभासदाला ‘तुझा विश्वास कमी आहे’ असे कोणी सांगत असेल, तर वडीलजनांनी त्याला थांबवावे.

देव मंडळीत आहे हे मग कशावरून ओळखावे? पौल १ करिंथकर १४मध्ये एक चाचणी देतो: बाहेरचा माणूस सभेत यावा, वचनाने त्याच्या अंतःकरणातील गुप्त गोष्टी उघड व्हाव्यात, त्याने उपडे पडून देवाची उपासना करावी आणि खरोखर तुमच्यामध्ये देव आहे असे म्हणावे. ही साक्ष बाहेरच्याची आहे, आपण स्वतःला दिलेली नाही. माझ्या पाहण्यात, तिच्या अलीकडे काही लहान खुणा दिसू लागतात. लोक क्षमा मागायला एकमेकांच्या घरी जातात. उपदेशानंतर वक्त्याची स्तुती कमी होते आणि वचनाविषयी बोलणे वाढते. दान देणारे आपले नाव वाचले जाण्याचा आग्रह सोडतात. कोणीतरी वर्षानुवर्षे लपवलेले पाप पाळकाजवळ येऊन सांगते. दुबळ्या, गरीब व एकट्या माणसांना मंडळीत जागा मिळते. यांतील एकही गोष्ट जाहीर करण्यासारखी नाही, पण वडीलजनांनी त्यांच्यावर लक्ष ठेवावे.

आज प्रार्थनासभेला येणारी ती मोजकी वयस्कर माणसे तुमच्या मंडळीची सर्वांत मोठी ठेव आहेत, त्यांना ओझे समजू नका. सभेची पद्धत बदलण्याआधी त्यांना विश्वासात घ्या, इतकी वर्षे त्यांनी कशासाठी प्रार्थना केली ते विचारा, आणि त्यांच्या शेजारी एकेक तरुण बसवा. प्रारंभी सर्व मंडळीला आवाहन करण्याची गरज नाही. वडीलजनांपैकी जे तयार असतील त्यांनी दोन-तीन जणांनी आठवड्यातून एकदा भेटावे, निर्गम ३३ वाचावा आणि मोशेची मागणी आपल्या मंडळीसाठी मागावी. दोघे किंवा तिघे प्रभूच्या नावाने जमलेल्या ठिकाणी तो त्यांच्यामध्ये आहे हे वचन मत्तय १८मध्ये, भावाशी समेट करण्याच्या शिकवणीत आले आहे. म्हणून त्या दोघा-तिघांनी आधी आपापसांतील गोष्टी स्वच्छ कराव्यात. ठरलेला दिवस पावसामुळे, सणामुळे किंवा कमी माणसे आल्यामुळे रद्द करू नये. एकच जण आला तर त्याने एकट्याने तो तास पूर्ण करावा. निदान एक वर्षभर परिणामांचा हिशेब मांडू नये, आणि त्यानंतर तो मांडताना उपस्थितीच्या आधी वर सांगितलेल्या खुणा पाहाव्यात.